उत्तर: मॉड केलेलं ओव्हरड्राइव्ह दुरुस्तीला परत अमेरिकेला पाठवावं का?

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मावसभावाने अमेरिकेत मॉड करून, म्हणजे आतले पार्ट बदलून घेऊन, बॅगेतून आणलेलं बॉसचं एसडी-वन (गिटारचा आवाज करकरीत करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल, पायाने दाबायचा पिवळा डबा), दोन वर्षं मस्त चाललं, डिजिटल डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, घेतल्यापासून बारीक शिट्टी मारतंय, मॉडवाला म्हणतो पाठवून दे फुकटात बघतो, आणि तू विचारतोयस कुठला कुरिअर स्वस्त पडेल. अरे हेच्या हेच २०१८ साली माझं झालंय, फक्त मावसभावाच्या जागी मामेभाऊ. मी पुण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, २२ वर्षं झाली, तुझ्यापेक्षा मोठा असणार म्हणून अरेतुरे करतोय, राग नको.

पाठवू नकोस. निदान आज तरी नको.

आधी अ‍ॅडॉप्टर काढ (फक्त एसडी-वनचा), त्याच पेडलमधे साधी ९ व्होल्टची बॅटरी टाक आणि बाकी सगळं तसंच ठेवून वाजव. शिट्टी गेली तर पेडल ठणठणीत आहे. डिजिटल डिलेच्या आत घड्याळासारखं सर्किट सतत टिकटिकत असतं, त्याचा कचरा एकाच अ‍ॅडॉप्टरवरून काढलेल्या माळेतून बाकीच्या पेडलांत शिरतो, आणि मॉड केलेल्या ओव्हरड्राइव्हला गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, वाढवलेला असल्याने ते बिचारं तो कचराच मोठा करून दाखवतं. म्हणजे चोर डिले, मार एसडी-वनला. प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड, म्हणजे विजेच्या दृष्टीने बाकीच्यांपासून वेगळं, असलेला पॉवर सप्लाय घे, नाहीतर डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर दे, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

मी ही बॅटरीची टेस्ट केली नाही. इतकी वर्षं स्टेजवर काढलेला माणूस, दुसऱ्यांना अक्कल शिकवणारा, आणि स्वतःच्या वेळी सरळ खोक्यात भरून ऑगस्टमधे पाठवून दिलं. मॉडवाल्याने महिनाभराने परत पाठवलं, आत चिठ्ठी, की दोष सापडला नाही, जॅक साफ केलेत. बरं, इथवर झालं असतं तरी मी हसून सोडून दिलं असतं.

पार्सल मुंबईत पोचलं अनंत चतुर्दशीच्या आसपास आणि एका कार्यालयात अडकलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. त्यांचं म्हणणं, दोनशे डॉलरची वस्तू बाहेरून आलीये, पूर्ण किमतीवर ड्यूटी भरा. माझं म्हणणं, माझीच आहे, दुरुस्तीला गेली होती. नियम तसा आपल्या बाजूने आहे, दुरुस्तीला पाठवलेली वस्तू तीच असेल, मालक बदलला नसेल आणि तीन वर्षांच्या आत परत आली असेल तर पूर्ण किमतीवर नाही, दुरुस्तीचा खर्च आणि जायचं-यायचं भाडं, विमा यावरच ड्यूटी लागते. पण ती तीच आहे हे सिद्ध कोण करणार? आपण. साहेबांनी विचारलं सीरियल नंबर काय. आणि इथे माझी वाचा बसली.

पेडलबोर्डवर वेल्क्रो नीट चिकटावं म्हणून मी खालचं काळं रबर सोलून काढलं होतं. आपण सगळेच काढतो. नंबरचं स्टिकर त्याच रबरावर. म्हणजे जगात लाखोंनी असलेल्या पिवळ्या पेडलांपैकी हेच माझं हे सांगणारी एकमेव गोष्ट मी स्वतःच्या हाताने ड्रायर मारून मारून सोलली होती, आणि रबर कुठे ठेवलं ते आठवत नव्हतं. फोटो होते, स्टेजवरचे, वरून काढलेले. साहेब म्हणाले, "असे पिवळे डबे कितीतरी असतील." खोटं काय बोलले.

त्यात मॉडवाल्याने खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, मॉडिफाइड ओव्हरड्राइव्ह पेडल, किंमत दोनशे डॉलर. झालं. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, "रिपेअर म्हणजे होतं तसं करणं, तुम्ही तर वेगळं करून आणलंय." मी सांगतोय की वेगळं दोन वर्षांपूर्वीच केलं होतं, तर म्हणे मग तेव्हाचं बिल दाखवा. मामेभावाने रोख दिलेले, बिल कुठलं! आणि जाताना मी कुरिअरच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं माहितीये? "गिफ्ट". काउंटरवरचा पोरगा म्हणाला गिफ्ट लिहा काका, पटकन जातं. गेलं पटकन. गिफ्ट दिलेली वस्तू परत आली तर ती कायद्याने माझी कशी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मग तेच. आज साहेब रजेवर, उद्या फाइल वर गेलीये, परवा ईमेल करा, ईमेल केला की प्रत्यक्ष या, प्रत्यक्ष गेलं की ईमेलची प्रिंट आणा. पुण्याहून तीन चकरा. गोडाऊनचं भाडं दिवसागणिक चढतंय ते वेगळंच. दिवाळी झाल्यावर पूर्ण ड्यूटी आणि भाडं भरून सोडवलं, तेवढ्यात दुकानातून कोरं एसडी-वन आलं असतं. पैशाचं एक वेळ जाऊ दे. मधे नवरात्र गेली, नऊ रात्री. उसन्या पेडलवर मला माझा टोन मिळेना, एक लीडचा पीस आहे तो दोनदा घसरला, तिसऱ्या रात्री कीबोर्डवाल्याने कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून तो पीस स्वतःच वाजवला आणि आयोजकाला फरक कळला नाही. टाळ्या तेवढ्याच. पुढच्या वर्षी त्या आयोजकाने गिटारवाल्याचं बजेटच काढून टाकलं. हे त्या ऑफिसातल्या कुणाला सांगून कळलं असतं असं वाटत नाही, जाऊ दे.

तर पाठवायचंच असेल, म्हणजे बॅटरीवरही शिट्टी येत असेल तर, गिफ्ट अजिबात लिहू नकोस. जातानाच्या कागदांवर "दुरुस्तीसाठी, परत येणार" असं आणि सीरियल नंबर दोन्ही यायला हवं, नंबर दिसेल असा फोटो काढून ठेव, झाकण उघडून आतल्या बोर्डाचा पण काढ. मॉडवाल्याला आधीच सांग की परत पाठवताना दुरुस्तीची रक्कम वेगळी लिही आणि तो मॉडिफाइड शब्द नको. आतली बॅटरी काढून टाक. मी काही कस्टमचा वकील नाही, पार्सल करायच्या आधी जाणत्या एजंटला विचार, कुरिअरच्या काउंटरवरच्या पोराला नाही.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून दे. एसडी-वनचा मॉड अमेरिकेत जाऊन करण्यासारखा असतो का? आत काय करतात, आवाजाची लाट कापून करकर आणणारे, क्लिपिंगचे, तीन डायोड असतात, एका बाजूला दोन दुसऱ्या बाजूला एक, ते बदलतात, आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो त्याच्या जागी ०.१ चा टाकतात. मूळ सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी करत जातं, कपॅसिटर बदलला की ती रेघ ३४० च्या आसपास येते आणि आवाज भरदार लागतो. घरी एकट्याने वाजवताना भारी वाटतं. स्टेजवर बेस, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात यांच्यात तो भरदारपणा बुडून जातो आणि मूळचंच पातळ एसडी-वन वर ऐकू येतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. करायचाच असेल तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला पार्ट किरकोळीत मिळतात, सोल्डरिंग येणारा माणूस गावात असतोच. काढलेले मूळ पार्ट पुडीत बांधून ठेव म्हणजे झालं.

पोस्टच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस की अँप १२० व्होल्टचा आहे, व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून मांडवात नेतोस आणि हम, म्हणजे घूं असा आवाज, येतो म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकलीयेस. हे वाचून मात्र मी उठून बसलो. ती पिन आजच्या आज परत लाव. आत काही बिघडून करंट चासीवर, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्यावर, आला तर तो गिटारच्या तारांमधून तुझ्या बोटात येणार आणि ओठ माइकला लागलेला असला तर संपलंच. हमसाठी डीआय बॉक्सवर (सिग्नल मिक्सरला नेणारा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाब, मेनची पिन नाही. मांडवात थ्री फेजचा न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी चारशेपर्यंत चढू शकतं, स्टेपडाउन त्याच प्रमाणात पुढे ढकलतो. मी साउंडचेकच्या आधी मल्टिमीटर लावतो, लाइटवाले हसतात, हसू देत. आणि व्हॉल्व्हवाला अँप स्वतः उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे तीन-चारशे व्होल्ट बसून असू शकतात. माझा फेंडरचा ब्लूज ज्युनिअर अँप मॉड करून घेतलाय, छान वाजतो, पण हल्ली घरीच असतो. मांडवात गिटार इफेक्ट्सच्या प्रोसेसरमधून थेट मिक्सरला.

बॅटरी लावून काय झालं ते लिही. वेल्क्रो लावायचं असेल तर रबर सोलू नकोस, सोललंच असेल तर नंबरचं स्टिकर पेडलच्या झाकणाच्या आत चिकटव. माझं रबर २०२० च्या लॉकडाउनमधे सापडलं, जुन्या तारांच्या डब्यात. नंबर अजून स्वच्छ वाचता येतो.