सिंथ की मल्टी-इफेक्ट्स? आधी ती पॉलिसी परत करा

धायरीहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३४, हातात येणारा पगार ६८,००० रुपये, पत्नी घर सांभाळते, मुलगी तीन वर्षांची. शनिवार-रविवारी जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. ते विचारतात : ‘बॉसचा जीएम-८०० हा गिटार सिंथेसायझर, त्याचा जीके-५ पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) आणि केबल, असे सगळे एक लाखाला मिळते आहे, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. दुसरा पर्याय जीटी-१ हा मल्टी-इफेक्ट्स, म्हणजे गिटारच्या आवाजाला वेगवेगळे रंग देणारा पेडल, २४,००० ला. सिंथ घेतला तर बासरी, सतार, अकॉर्डियन सगळे गिटारवरच वाजवता येईल. महिन्याला चार कार्यक्रम, प्रत्येकी २,५०० धरले तर वर्षभरात पैसे वसूल. कोणता घेऊ?’ आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता : ‘पुढची काळजी नाही. बँकेतल्या मॅडमनी नुकतीच १८ टक्के हमी उत्पन्नाची पॉलिसी करून दिली. त्यासाठी एफडी मोडली. बाँडची, म्हणजे पॉलिसीच्या कागदाची, पीडीएफ १९ दिवसांपूर्वी मेलवर आली.’

प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो : जीटी-१ घ्या, तोही तीन महिन्यांनी, रोखीने. कारणे खाली येतील. पण तुमचे मोठे नुकसान गिटारच्या दुकानात होणार नसून बँकेच्या टेबलावर झालेले आहे, आणि ते निस्तरायला तुमच्याकडे फक्त ११ दिवस आहेत.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या कागदावर काय आहे ते पाहू. दर वर्षी १,२०,००० रुपये, दहा वर्षे. बारावे वर्ष संपले की दर वर्षी २,१६,०००, तेही दहा वर्षे. तुम्ही भरणार १२ लाख, वर्षाला मिळणार २.१६ लाख, म्हणून मॅडमचे ‘१८ टक्के’. हा भागाकार बरोबर आहे, पण त्याला व्याज म्हणत नाहीत. व्याजात मुद्दल शाबूत राहते. इथे दहा वर्षांनी उत्पन्न थांबते आणि मुद्दल वेगळे मिळत नाही, कारण तेच तुम्हाला तुकड्यातुकड्याने ‘उत्पन्न’ म्हणून दिलेले असते.

खरा दर काढायला संगणक लागत नाही. पहिला हप्ता आज, पहिले उत्पन्न बारा वर्षांनी. दुसरा हप्ता पुढच्या वर्षी, दुसरे उत्पन्न त्यानंतर बारा वर्षांनी. दहाव्यापर्यंत हेच. म्हणजे प्रत्येक १.२० लाख बारा वर्षांत २.१६ लाख होतात, १.८ पट. दर बसतो ५ टक्के. पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी तेच १.२० लाख बारा वर्षांत सुमारे २.७३ लाख होतात, आणि तिथे कोणी मॅडम लागत नाहीत.

आता विम्याचे. या पॉलिसीत तुमच्या जिवाला १२ लाखांचे संरक्षण आहे. तुमच्या गृहकर्जाचे ३१ लाख बाकी आहेत. उद्या काही झाले तर १२ लाख बँक घेईल आणि १९ लाखांचे कर्ज पत्नीच्या डोक्यावर राहील. एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला वर्षाला ढोबळ १२ ते १६ हजारांत मिळतो. तुम्ही त्याच्या आठ-दहा पट भरून आठवा हिस्सा संरक्षण घेतले आहे.

त्यामुळे पॉलिसी परत करा. बाँड हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क, ज्याला फ्री-लूक म्हणतात, तुम्हाला आहे. मेलवर आलेली पीडीएफही ‘हाती पडली’ याच हिशेबात धरतात, छापील प्रतीची वाट पाहू नका. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेतल्या मॅडमना नाही. नोंदवलेल्या ई-मेलवरून पाठवा : पॉलिसी क्रमांक, बाँड मिळाल्याची तारीख, ‘अटी मान्य नाहीत, फ्री-लूकमध्ये रद्द करावी’ एवढे वाक्य, रद्द केलेला चेक, पॅनची प्रत. त्याच दिवशी त्याची छापील प्रत कंपनीच्या शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तो शिक्का जपून ठेवा. कंपनी मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि इतक्या दिवसांच्या संरक्षणाचा हिस्सा कापून बाकी पैसे परत देते. तुमच्या रकमेत ही कपात किरकोळ असते.

बिघडते ते इथे : मॅडमचा फोन येईल. ‘सर, मॅनेजर रजेवर आहेत, सोमवारी बोलू.’ मग गुरुवार. मग ‘रद्द कशाला, दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देते.’ असे करता करता एकतिसावा दिवस उजाडतो. त्यानंतर पहिल्या वर्षातच पॉलिसी सोडली तर हाती जवळपास काही येत नाही. म्हणून अर्ज आधी, फोन नंतर. बँकेत जाऊन पुढच्या हप्त्याचे ऑटो-डेबिटही बंद करा. कंपनीने टोलवाटोलवी केली तर तिच्याकडे लेखी तक्रार करा, महिनाभर थांबा आणि मग विमा लोकपालांकडे जा. त्यांचे कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे आणि तक्रारीला शुल्क नाही.

आता तुमचा महिना मांडू. गृहकर्जाचा हप्ता २७,०००, घरखर्च २४,०००, मुलीची शाळा आणि रिक्षा ५,०००. उरले १२,०००. त्यातून पॉलिसीच्या वार्षिक हप्त्यासाठी महिन्याला १०,००० बाजूला गेले की हातात दोन हजार. त्यावर सिंथचा हप्ता ८,३३३. म्हणजे दर महिन्याला ६,३०० ची तूट. एफडीतल्या दीड लाखांपैकी पॉलिसीचा पहिला हप्ता जाऊन ३०,००० उरले आहेत, ते पाच महिन्यांत संपतील. सहाव्या महिन्यात तुम्ही क्रेडिट कार्डावर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरायला लागाल, आणि तिथे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, वर जीएसटी. शिवाय एकदा मिनिमम भरले की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजाने.

नो-कॉस्टचेही ऐका. एक लाखावर बारा महिन्यांचे व्याज साधारण आठ हजार होते. ते सवलत म्हणून वजा दाखवतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे साडेचौदाशे, तुमच्याच बिलात येतो, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि रोखीच्या गिऱ्हाईकाला दुकानदार जे चार पैसे सोडतो ते विसरायचे.

आता वाद्याकडे. जीएम-८०० चांगले यंत्र आहे, तुमच्या कामाचे नाही. पहिली गोष्ट, तो निव्वळ सिंथ आहे. तुमच्या गिटारचा स्वतःचा आवाज, म्हणजे अँपचा पोत आणि ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले हे इफेक्ट्स, यासाठी वेगळा डबा लागतोच. म्हणजे लाखाचा सिंथ घेतला तरी २४,००० चा मल्टी-इफेक्ट्स सुटत नाही. हा खर्च तुमच्या हिशेबात नाही.

दुसरी, पिकअप. जीके-५ सहाही तारा वेगवेगळ्या ऐकतो. तो ब्रिजच्या (गिटारच्या पोटावर तारा टेकतात त्या पट्टीच्या) अगदी जवळ बसवावा लागतो आणि शेवटचा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) दाबल्यावर तार व पिकअप यांत साधारण १ मिलिमीटर फट हवी. स्टीलच्याच तारा लागतात, नायलॉनवर चालत नाही. प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी लावावी लागते. ती नीट नसली की एक तार दबते आणि दुसरी ओरडते. केबलही खास, नेहमीची गिटारची वायर चालत नाही. कार्यक्रमाच्या ऐन वेळी ती गेली तर बाजूच्या दुकानात मिळणार नाही.

तिसरी, उशीर. जाड तारेचा खालचा ई हा सूर सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंपतो, म्हणजे एका कंपाला १२ मिलिसेकंद. सूर ओळखायला यंत्राला किमान एखाद-दुसरे कंपन ऐकावेच लागते. पातळ ईला हेच तीन मिलिसेकंद. म्हणून बासरीचा पीस वरच्या तारांवर बरा वाजतो, खाली आलात की मागे पडल्यासारखे वाटते. बोट घासले, शेजारची तार पुसटशी हलली, की मध्येच भलताच सूर उमटतो. हे टाळायला हात बदलावा लागतो, त्याला महिने जातात.

आणि मुख्य गोष्ट : ऑर्केस्ट्रात बासरी-अकॉर्डियनचे पीस कीबोर्डवाला वाजवतोच. आयोजक गिटारच्या खुर्चीचे पाकीट देतो. त्या खुर्चीतून सतार ऐकू आली म्हणून पाकीट जाड होत नाही. तुम्हीच लिहिले आहे की गेल्या वर्षी नऊ कार्यक्रम झाले, दोन हजारांप्रमाणे १८,००० मिळाले. या वर्षी कार्यक्रम ४८ कसे होणार, याचा पत्रात एक शब्द नाही. मागच्या वर्षीच्या गतीने एक लाख वसूल व्हायला साडेपाच वर्षे लागतील, रिक्षा आणि तारा न धरता.

तीन महिन्यांचे असे करा. पॉलिसीचे परत आलेले पैसे पुन्हा एफडीत. टर्म विमा लगेच. आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल तर घरचा, दहा लाखांचा, वेगळा काढा. नोकरी सुटली की कंपनीचा सुटतो. या दोन विम्यांचे हप्ते गेल्यावरही महिन्याला आठेक हजार सुटतील, त्यातून जीटी-१ घ्या.

घेतल्यावर दोन गोष्टी सांभाळा. घरी हेडफोनवर लावलेले पॅच (पेडलमध्ये साठवलेले आवाज) हॉलमध्ये फसतात : सोलोचा पॅच ऱ्हिदमपेक्षा दबका निघतो. रंगीत तालमीला साउंडवाल्याच्या स्पीकरवर सगळ्या पॅचची पातळी एकमेकांशी जुळवा. आणि मिक्सरला थेट जोडताना पेडलमधली अँपची नक्कल चालू ठेवा, स्टेजवर खरा अँप मिळाला तर ती बंद करा, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. एकच वायर असेल तर ती मोनो लिहिलेल्या डाव्या जॅकमध्ये. मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (लांब वायरीतूनही आवाज न बिघडता नेणारी डबी) लागेल, तो साउंडवाल्याकडे आहे का ते आधीच विचारून ठेवा. पेडल चार पेन्सिल सेलवरही चालतो, त्यामुळे स्टेजवर प्लग पॉइंट मिळाला नाही तरी अडत नाही.