‘पचवणे’, ‘विघटन’ की ‘सोडवणे’?

प्रश्न दापोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. मधुमेहावरच्या प्रत्यारोपण संशोधनाविषयी मराठीत टिपण लिहिताना तिने वाक्य लिहिले : ‘विकराच्या साहाय्याने स्वादुपिंड पचवून त्यातील द्वीपके वेगळी केली.’ (विकर म्हणजे एन्झाइम, आणि द्वीपके म्हणजे स्वादुपिंडातले, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ज्यांत असतात ते पेशींचे पुंजके.) सरांनी ‘पचवून’खाली लाल रेघ मारली. पचन पोटात होते, प्रयोगशाळेत नाही, तेव्हा ‘विघटन करून’ लिही, असे त्यांचे म्हणणे. तिला दोन्ही पटत नाही.

‘पचवणे’ पोटापुरते नाही, हे आधी सांगतो. माणूस अपमान पचवतो, दुःख पचवतो, कुणी दुसऱ्याची जमीनही पचवतो. सरांचा आक्षेप त्या अर्थाने टिकत नाही. अडचण वेगळीच आहे. मराठीत पचवलेली वस्तू परत मिळत नाही, ती पचवणाऱ्याची होऊन जाते. इथे तर सगळा खटाटोप द्वीपके धडधाकट परत मिळावीत म्हणून चाललेला असतो. ‘विघटना’तही तीच गोची आहे. द्वीपकांना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे विघटन होते हे खरे, पण ‘स्वादुपिंडाचे विघटन’ म्हटले की त्यातली द्वीपकेही गेली असे वाटते.

म्हणून मी ‘सोडवणे’ सुचवतो. आपण गाठ सोडवतो, गुंता सोडवतो, ओलीस ठेवलेला माणूस सोडवतो. जखडलेले जसेच्या तसे मोकळे होते. विकर इथे नेमके तेच करते.

पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये द्वीपकांचे पहिले वर्णन केले. वजनाने ती सगळ्या ग्रंथीच्या १-२ टक्केच. माणसातल्या द्वीपकाचा व्यास सरासरी ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, आणि भोवतालच्या पेशींशी ते कोलॅजेनच्या तंतूंनी बांधलेले. सुरी-चिमट्याने अशी लाखो द्वीपके कोण काढणार? १९६५ मध्ये मोस्कालेव्स्की यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज हे विकर वापरले. १९६७ मध्ये लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी प्रयोगशाळेतल्या उंदराच्या स्वादुपिंडात नलिकेतून द्राव भरून ते आधी फुगवले, मग तुकडे करून त्यांवर कोलॅजिनेज सोडले. पुढे विकरच नलिकेतून भरू लागले, म्हणजे ते आतपर्यंत पोचते.

आपल्या किनाऱ्यावर नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजत ठेवतात, मग बडवून काथ्या काढतात. पाण्यातले जिवाणू तंतूंना चिकटवून ठेवणारे पेक्टिन आपल्या विकरांनी खातात आणि तंतू सुटा होतो. कोलॅजिनेजही जिवाणूचेच, क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकमचे. या नावातल्या ‘हिस्टोलिटिकम’चा अर्थच ऊतक विरघळवणारा. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे : काथ्यात तंतू राखायचा असतो आणि चिकटा घालवायचा असतो, इथे तंतूच तोडायचा आणि त्याने बांधलेली पेशी राखायची. शिवाय तिथे चार दिवस जास्त झाले तर फारसे बिघडत नाही. इथे मिनिटांचा हिशेब असतो.

तो हिशेब इतका कडक का, हे कळायला ‘अग्निपिंड’ हा स्वादुपिंडाचा जुना मराठी प्रतिशब्द उपयोगी पडतो, आणि तो मागे पडला याचे मला मनापासून वाईट वाटते. या ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरस बनवणाऱ्या पेशींचा आहे. बाहेरून घातलेले विकर तंतू तोडत असताना या पेशी फुटतात आणि त्यांतले ट्रिप्सिनसारखे विकर बाहेर पडते. ते द्वीपकांना इजा करते, शिवाय आपण घातलेल्या कोलॅजिनेजलाही तोडते. म्हणजे त्या भांड्यात दोन ‘पचवणारे’ असतात : एक आपण बोलावलेला आणि एक घरातलाच. तुमच्या वाक्यात ‘पचवून’ लिहिले तर यांतल्या कोणाविषयी बोलता आहात ते कळत नाही, हे माझे ‘सोडवणे’साठीचे दुसरे कारण.

प्रत्यक्षात काम असे चालते. माणसाच्या स्वादुपिंडासाठी १९८८ पासून रिकॉर्डी यांचे बंद भांडे वापरतात. त्यात ऊतकाचे तुकडे, विकर आणि गोट्यांसारख्या कडक गोळ्या असतात, वर जाळी. द्राव ३७ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून फिरवतात आणि भांडे हलवत राहतात. थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून त्यात डायथिझोन हे रंजकद्रव्य घालतात. द्वीपकांतल्या जस्तामुळे ती लाल दिसतात, बाकीच्या पेशींना रंग चढत नाही. लाल पुंजक्याभोवती बिनरंगी पेशींचे कडे अजून चिकटलेले असेल तर विकराला आणखी वेळ द्यायचा. कडे गळून लाल पुंजका कडा शाबूत ठेवून एकटा तरंगू लागला की लगेच थंड द्राव घालून विकर विरळ करायचे, म्हणजे त्याचे काम मंदावते. लाल पुंजक्याच्याच कडा झिजू लागल्या तर उशीर झाला. लवकर थांबवले तरी नुकसानच : कडे घेऊन आलेले द्वीपक जड असते, त्यामुळे पुढे घनतेनुसार वेगळे करताना ते टाकाऊ पेशींबरोबर तळाला जाते.

तेव्हा वाक्य असे लिहा : ‘विकरांच्या मिश्रणाने स्वादुपिंडातील संयोजी ऊतक तोडून द्वीपके सोडवली.’ प्रयोगवहीत मात्र ‘ऊतक पचवले’ बिनदिक्कत लिहा. तिथे वाचणारा जाणकार असतो, आणि प्रयोगशाळेत सगळे ‘डायजेशन झालं का?’ असेच विचारतात.

‘विकराच्या’ या एकवचनाचेही पाहा. ‘विकर’ नपुंसकलिंगी : ते विकर, ती विकरे. या कामात एकट्या कोलॅजिनेजने भागत नाही. त्याचेच दोन वर्ग लागतात आणि जोडीला थर्मोलायसिनसारखे एखादे प्रथिन तोडणारे विकरही. त्यामुळे तुमच्या टिपणात ‘विकरांच्या मिश्रणाने’ हेच नेमके ठरेल.