वाचकांचे प्रश्न : खरेदीच्या क्षणी घडणारे चित्र

जनरेटिव्ह आर्ट म्हणजे कलावंताने लिहिलेल्या संगणकीय नियमांतून उमटणारी चित्रे. ही चित्रे आणि एनएफटीच्या, म्हणजे मालकीच्या जाहीर संगणकीय नोंदीच्या, रूपाने होणारा त्यांचा संग्रह यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या भाच्याने एक चित्र विकत घेतले आणि ते घेईपर्यंत अस्तित्वातच नव्हते, असे तो सांगतो. चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला याचा उलगडा होत नाही. न पाहिलेले चित्र विकत कसे घेतात, आणि ते काढले तरी कोणी?
— निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. या प्रकारात कलावंत एकेक चित्र काढत नाही; तो चित्रे काढणारा प्रोग्राम लिहितो. रेषा कोठून निघावी, किती वळावी, दुसऱ्या रेषेला भिडण्याआधी थांबावी की नाही, कोणते रंग शेजारी यावेत, हे सारे त्यात नियम म्हणून लिहिलेले असते आणि काही निर्णय मुद्दाम यदृच्छेवर सोडलेले असतात. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात फरश्यांचा व्यवसाय करणारे एरिक काल्डेरॉन यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आर्ट ब्लॉक्स’ हे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा त्यांनी या यदृच्छेची सांगड खरेदीशी घातली. ग्राहकाने पैसे भरले की इथेरियम या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर मिळून राखल्या जाणाऱ्या जाहीर नोंदवहीत) त्याच्या नावे एक टोकन, म्हणजे नोंद, तयार होते आणि त्या टोकनाला अंक व अक्षरांची एक लांबलचक, एकमेवाद्वितीय मालिका मिळते. तिला हॅश म्हणतात. हा हॅश प्रोग्रामला बीज म्हणून दिला जातो. बीज बदलले की चित्र बदलते. बीज तेच असेल, तर कितीही वेळा आणि कोणत्याही संगणकावर तेच चित्र उमटावे, अशी प्रोग्रामची रचना असते. हॅश खरेदीच्या क्षणीच जन्मतो, म्हणून ग्राहकाला आधी चित्र दाखवता येत नाही, कारण ते कलावंतानेही पाहिलेले नसते.

टेक्सासमधील टायलर हॉब्स यांची जून २०२१ मधील ‘फिडेन्झा’ ही मालिका याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. एका अदृश्य प्रवाहक्षेत्राच्या (चित्रातील प्रत्येक बिंदूला दिशा देणाऱ्या आराखड्याच्या) दिशेने वळत जाणारे, पण एकमेकांवर न चढणारे रंगीत पट्टे, एवढाच तिचा मूळ विचार आहे. त्यातून ९९९ चित्रे निघाली. काहींत पट्टे रुंद आणि शांत आहेत, काहींत ते बारीक होऊन खळाळतात, आणि तरीही कोणतेही एक पाहिले की ते कोणत्या घराण्याचे आहे हे लगेच कळते.

चित्र काढले कोणी, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय आहे : प्रोग्राम लिहिणाऱ्याने. ही कला एनएफटीमुळे जन्मली असा समज मात्र आपण मनातून काढून टाकावा. गेऑर्ग नेस यांनी संगणकावर काढलेली रेखाचित्रे फेब्रुवारी १९६५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे मांडली होती आणि ती पाहून तेथील चित्रकार संतापले होते. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या व्हेरा मोल्नार तर संगणक मिळण्याच्या कितीतरी आधी, १९५९ पासून, स्वतःच नियम ठरवून आणि ते हाताने काटेकोर पाळून चित्रे काढत होत्या. या पद्धतीला त्या ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत. १९६८ मध्ये त्यांना खरा संगणक वापरायला मिळाला. चौरसांच्या शिस्तबद्ध रचनेत ‘एक टक्का अव्यवस्था’ मिसळण्याचा त्यांचा ध्यास पाहिला, तर वर्गात मुलांकडून संकल्पचित्रे करवून घेणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकाला ही कला परकी वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : दोन वाक्ये लिहून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र काढून घेणे आणि ही जनरेटिव्ह आर्ट यांत काही फरक आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मोठा फरक आहे. वाक्यावरून चित्र देणारी प्रणाली इतरांच्या असंख्य चित्रांवर शिकवलेली असते आणि तिच्या आत नेमके काय घडले हे वापरणाऱ्याला सांगता येत नाही. आपण येथे ज्या कलेविषयी बोलत आहोत तिच्यात प्रत्येक नियम कलावंताने स्वतः लिहिलेला असतो आणि तो वाचताही येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरूनही गंभीर काम करणारे कलावंत आहेत. परंतु दोन्ही गोष्टींना एकाच नावाने ओळखल्यामुळे दोन्हींविषयी गैरसमज वाढतो.

प्रश्न : चित्राची हुबेहूब प्रत कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. मग संग्राहकाच्या मालकीचे नेमके काय असते? तंत्रज्ञान कळत असूनही हा प्रश्न मला सुटलेला नाही.
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : संग्राहकाच्या मालकीची असते ती नोंद. अमुक टोकन अमुक वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल खात्यात, आहे, ही जाहीर आणि कोणालाही तपासता येणारी नोंद म्हणजे एनएफटी. स्वामित्वहक्क बहुधा कलावंताकडेच राहतो. चित्र छापण्याचा किंवा व्यापारासाठी वापरण्याचा अधिकार मिळतो की नाही, हे त्या मालिकेच्या परवान्यात पाहावे लागते.

ही कल्पनाही कलाजगताला नवी नाही. अमेरिकन कलावंत सॉल ल्यूइट १९६८ पासून भित्तिचित्रांसाठी लेखी सूचना तयार करत असत. त्या सूचनांबरहुकूम भिंतीवर रेषा काढण्याचे काम दुसरेच लोक करत. विकत घेणाऱ्याला मिळे ते प्रमाणपत्र आणि सूचना. चित्र दुसऱ्याला विकले, तर जुन्या भिंतीवर रंग फासून ते नव्या भिंतीवर पुन्हा काढता येई. अशा प्रमाणपत्राला संग्रहालये किंमत देतात, तर सूचनाच प्रोग्राम असलेल्या चित्राच्या नोंदीला ती का देऊ नये, याचे पटण्यासारखे कारण मला आढळलेले नाही.

आपण तंत्रज्ञ आहात म्हणून एक भेद आवर्जून सांगतो. सर्व एनएफटी सारख्या टिकाऊ नसतात. एप्रिल २०१९ मधील ‘ऑटोग्लिफ्स’ या ५१२ कृतींच्या मालिकेत आकृती घडवणारा अल्गोरिदम ब्लॉकचेनवरील ‘करारा’तच, म्हणजे तेथे आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्येच, आहे. आर्ट ब्लॉक्सवर कलावंताचा प्रोग्राम ब्लॉकचेनवर साठवलेला असतो आणि पाहताना तो ब्राउझरमध्ये नव्याने चालवला जातो. बाजारातील कितीतरी टोकनांत मात्र केवळ एक दुवा असतो आणि चित्र कोणाच्या तरी सर्व्हरवर पडून असते. सर्व्हर बंद झाला की संग्राहकाच्या हाती रिकामी नोंद उरते. माझ्या मते एनएफटीचे तंत्र खऱ्या अर्थाने कोणत्या कलेला साजते, हे येथेच कळते. छायाचित्राला ते बाहेरून चिकटवावे लागते. जनरेटिव्ह चित्राच्या बाबतीत ती नोंदच चित्राचे बीज असते.

प्रश्न : या चित्रांना लाखो डॉलर मिळाल्याच्या बातम्या येतात, मग भाव कोसळल्याच्या येतात. या बाजाराने कलेचे भले केले की वाटोळे?
— कलाशाखेची विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : दोन्ही केले, पण आधी भले कोणते ते सांगतो, कारण त्याची बातमी होत नाही.

पूर्वी कलावंत प्रोग्राम शेकडो वेळा चालवत असे, आलेल्या चित्रांतून मोजकी निवडत असे आणि उरलेली टाकून देत असे. ही निवड हा त्याच्या कलेचा अर्धा भाग होता. खरेदीच्या क्षणी चित्र घडू लागल्यावर ती सोय संपली. आता ९९९ चित्रे निघणार आणि प्रत्येक थेट कोणाच्या तरी संग्रहात जाणार. फसलेले चित्र मागे घेता येणार नाही. म्हणजे कोणतेही बीज आले तरी चित्र उभे राहिले पाहिजे, ते शेजारच्या चित्राहून वेगळे असले पाहिजे आणि तरीही मालिकेचे वाटले पाहिजे. हॉब्स यांनी २०२१ मध्ये या प्रकाराला ‘लाँग-फॉर्म’ असे नाव दिले. विस्तारक्षम राग आणि तीन मिनिटांची तबकडी यांच्यात गायकाकडून होणाऱ्या अपेक्षांचा जो फरक आहे, तसाच हा फरक आहे. संग्रहाच्या एका पद्धतीने कलावंतापुढे नवा प्रश्न ठेवला आणि त्यातून पूर्वी नव्हते असे काम झाले, हे मला अत्यंत मोलाचे वाटते.

नुकसानही तिथूनच सुरू होते. मालिकेत हजारभर चित्रे असली की त्यांची वर्गवारी होते : कोणते रंग किती चित्रांत आहेत, कोणती रचना किती वेळा आली आहे. मग दुर्मिळ ते महाग असा हिशेब लागतो आणि चित्र पाहण्याऐवजी गुण मोजले जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘फिडेन्झा’मधील ३१३ क्रमांकाचे चित्र १,००० इथरला (इथर हे इथेरियमचे चलन), म्हणजे सुमारे ३३ लाख डॉलरला विकले गेले. दिमित्री चेर्नियाक यांच्या ‘रिंगर्स’ या १,००० चित्रांच्या मालिकेची कथा याहून बोलकी आहे. खुंट्यांभोवती दोरी गुंडाळण्याचे किती प्रकार संभवतात, एवढाच तिचा विषय आहे. त्यातील ८७९ क्रमांकाच्या चित्रात, कोणी योजलेले नसताना, हंसासारखा पक्षी दिसला. ‘थ्री ॲरोज कॅपिटल’ या गुंतवणूक फंडाने तो २०२१ मध्ये १,८०० इथरला, म्हणजे सुमारे ५८ लाख डॉलरला घेतला. पुढच्याच वर्षी तो फंड बुडाला आणि जून २०२३ मध्ये सदबीज या लिलावगृहात त्याच चित्राला ६२ लाख डॉलर मिळाले. योगायोगाला किंमत मिळाली याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की उरलेल्या ९९९ चित्रांकडे लोक पाहीनासे झाले, जेव्हा हा पक्षी विलक्षण का आहे हे त्यांच्यामुळेच कळते.

कलावंतांना आणखी एक फटका बसला. प्रत्येक पुनर्विक्रीतील काही टक्के कलावंताला मिळतील, या आश्वासनावर अनेकजण या क्षेत्रात आले होते. परंतु हे आश्वासन बहुतांश व्यवहारांत ब्लॉकचेनने नव्हे, तर खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांच्या रिवाजाने पाळले जात होते. २०२२ पासून या संकेतस्थळांत लागलेल्या स्पर्धेत तो रिवाज मोडला आणि ओपनसी या मोठ्या संकेतस्थळानेही २०२३ मध्ये ही रक्कम ऐच्छिक केली.

तरीही सारे संपले, असे म्हणू नये. हॉब्स आणि डँडेलियन विस्ट माने यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ‘क्यूक्यूएल’ हा प्रकल्प आणला. त्यातील अल्गोरिदम कोणीही विनामूल्य चालवू शकतो. ज्याच्याकडे ९९९ पासांपैकी एक आहे, त्याने हवे तितके पाहून आपल्या पसंतीचे एक चित्र मालिकेत दाखल करावयाचे. निवड पुन्हा आली, पण या वेळी संग्राहकाच्या हाती. आणि जुलै २०२३ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी, व्हेरा मोल्नार यांनी मार्टिन ग्रासर यांच्या सहकार्याने ५०० चित्रांची मालिका सदबीजमार्फत, खरेदीच्या क्षणी चित्र घडण्याच्या पद्धतीने, प्रसिद्ध केली. बाजार तोपर्यंत पुरता थंडावला होता; तरी ती सर्व चित्रे विकली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : गुंतवणूक म्हणून अशी चित्रे घ्यावीत का? भारतात कर कसा लागतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गुंतवणूक म्हणून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, घरात लावून रोज पाहावेसे वाटेल असे चित्र, परवडेल त्या किमतीत घ्यावे. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के दराने कर लागतो, शिवाय उपकर व लागू असल्यास अधिभार असतो. नफा काढताना खरेदीच्या किमतीखेरीज अन्य खर्च वजा करता येत नाही. तोटा झाला, तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही. जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का उद्गम करकपातही (टीडीएस) आहे. व्यवहारापूर्वी सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि पी-फाइव्ह हे प्रोग्राममधून चित्रे काढण्याचे साधन वापरून नक्षी तयार करतो. ती एनएफटी म्हणून विकायला काढू का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी आपला प्रोग्राम पाचशे वेळा चालवा आणि सर्व चित्रे एकाच पानावर लहान आकारात मांडून पाहा. पहिल्या पन्नासांत जे चित्र सुंदर वाटले तेच पुढे वारंवार येत असेल, तर नियमांत वैविध्य कमी आहे. काही चित्रे ओळखूच येत नसतील, तर नियम सैल आहेत. जी फसली आहेत त्यांची बीजे लिहून ठेवा आणि ती कोणत्या नियमामुळे फसली ते शोधा. एकही चित्र लपवावेसे वाटणार नाही, अशा टप्प्यावर आलात की विक्रीचा विचार करा; तोपर्यंत ही चित्रे संकेतस्थळावर सर्वांना खुली ठेवा आणि त्यांच्यासोबत आपला प्रोग्रामही वाचायला द्या.