अमेरिकेत परवानगी आहे, मग इथे बंदी का?

मुलाच्या बॅगेत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला की पालक माझ्याकडे घाबरून येतात आणि सोबत मुलाने दिलेलं उत्तरही घेऊन येतात. लालबागच्या एका ताईंचं तसंच झालं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बॅगेत पेनड्राइव्हसारखं काहीतरी, त्याला आंब्याचा वास. त्या ओरडल्या, तर म्हणाला, "अमेरिकेत युनिव्हर्सिटीत संशोधन करून सरकारनेच परवानगी दिलीय. आपल्याकडे उगाच बंदी." ताई मला म्हणाल्या, "मॅडम, हे खरं असेल तर मी कशाला त्याच्या मागे लागू?"

पुढच्या वेळी मुलगा आला. मी त्याला खोटं पाडलं नाही, कारण त्याचं अर्धं खरं होतं. २००९च्या कायद्याने अमेरिकेत तंबाखूजन्य पदार्थांचं नियमन एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, आलं आणि २०१३पासून एफडीएच्या पैशातून तिथल्या विद्यापीठांत खास संशोधन केंद्रं चालू झाली. कोणता स्वाद पोरांना ओढतो, शरीरात निकोटिन किती जातं, जाहिरातींचा कुणावर परिणाम होतो, असे प्रश्न तिथे अभ्यासले जातात आणि नियम करताना तो पुरावा कामी येतो. पण परवानगी देताना एफडीए "हे सुरक्षित आहे का" एवढंच बघत नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांचा फायदा आणि नव्याने अडकणाऱ्या पोरांचं नुकसान, दोन्ही तोलते. २०२१मध्ये पहिल्या ई-सिगारेटला परवानगी दिली, ती तंबाखूच्या स्वादाला. तेव्हाच बजावलं होतं, याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा नाही.

"तू सिगारेट सोडायला हे घेतलंस का?"

"नाही, सिगारेट कधी ओढलीच नाही."

म्हणजे त्या हिशोबात तो नुकसानीच्या बाजूला होता. हे त्याचं त्यालाच कळलं, मला सांगावं लागलं नाही.

मग मी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिला कश किती वेळात? त्याने आईकडे पाहिलं. "दात घासायच्या आधी. बाथरूममध्ये." तलफ किती घट्ट आहे हे जोखायला अभ्यासक हाच प्रश्न विचारतात, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बंदीवर वाद घालून काहीच हाती लागलं नसतं. या एका उत्तराने कुठून सुरुवात करायची ते कळलं. पहिला कश अर्ध्या तासाने पुढे ढकलायचा, असं त्यानेच ठरवलं. तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबरही घेतला. निकोटिन गम लागेल का, ते डॉक्टर ठरवतील.

ताईंना पोलिसांची भीती होती. आपला २०१९चा कायदा ई-सिगारेट बनवणं, परदेशातून आणणं, विकणं, साठवणं आणि जाहिरात करणं यांवर आहे. नुसत्या वापराला त्यात शिक्षा नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं: बॅग तपासू नका, नातेवाइकांत विषय काढू नका. सुरुवातीला तो चिडचिड करील, झोप उडेल, तेव्हा त्याला उद्धट ठरवू नका. ती निकोटिन सुटतानाची लक्षणं असतात.