पाचशे प्रोफाइल दुवे विकत घ्यावेत का?

प्रश्न : कसबा पेठेत आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. संकेतस्थळ गूगलवर वर यावे म्हणून एक गृहस्थ ठिकठिकाणी आमच्या नावाने पाचशे खाती उघडून प्रत्येक प्रोफाइलमध्ये आमचा दुवा टाकण्यास तयार आहेत. हा खर्च करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : करू नये. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत दुवा म्हणजे दुसऱ्याने केलेली शिफारस. आपणच खाते उघडून आपलीच केलेली स्तुती तीत कशी बसावी? अशा दुव्यांना आळा घालण्यासाठी २००५ मध्ये ‘हा दुवा शिफारस म्हणून मोजू नका’ असे शोधयंत्राला सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण आली आणि अनेक मोठी संकेतस्थळे सदस्यांच्या दुव्यांना ती लावतात. २०१९ पासून गूगल तिला आज्ञा न मानता केवळ सूचना मानते, हे खरे. पण त्यावर पैसे लावणे शहाणपणाचे नाही.

गूगलने क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत केलेल्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलानंतर कृत्रिम दुव्यांमुळे अनेक संकेतस्थळे क्रमवारीत घसरली. २०१६ पासून अशा दुव्यांकडे बहुधा दुर्लक्षच होते, म्हणजे पैसे पाण्यात. तरीही गूगलचे कर्मचारी स्वतः तपासून कारवाई करू शकतात आणि तिची सूचना सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत मिळते. शिवाय पाचशे खात्यांचे पासवर्ड परक्या हाती राहतील, ही बाब मला अधिक खटकते.

गूगल बिझनेस प्रोफाइल मात्र अवश्य भरा, कारण ते विनामूल्य असून नकाशावर दुकान शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला पत्ता, वेळ आणि छायाचित्रे तेथेच दिसतात. उरलेल्या वेळात कल्हईविषयी एक नीट लेख संकेतस्थळावर लिहा. त्याचा दुवा लोक आपणहून देतील.