निळू फुले सिनेमात येण्याआधी काय करायचे? इतका जबरदस्त खलनायक त्यांनी कसा उभा केला?

निळूभाऊंचा जन्म १९३० चा आणि पहिला चित्रपट, 'एक गाव बारा भानगडी', १९६८ चा. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहीपर्यंत त्यांनी अडतिशी गाठली होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या आधीच्या वर्षांतच आहे, असं मला वाटतं.

तरुणपणी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार तुटपुंजा, त्यातूनही थोडे पैसे राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेला देत. अभिनयाची शाळा म्हणायची तर ती सेवा दलाच्या कलापथकाची. गावोगाव फिरायचं, लोकांसमोर वग करायचा. पुढे शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं आणि दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना सिनेमात आणलं.

लोकनाट्यात समोरचा माणूस जरा कंटाळला तरी लगेच कळतं. बतावणी, म्हणजे तमाशातला विनोदी संवाद, रंगवायची तर थांबायचं कुठे आणि शब्द टाकायचा कधी, हे अंगात भिनावं लागतं. निळूभाऊंचा पाटील किंवा सरपंच आरडाओरडा करत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील बघा. साखर कारखाना, गाव, सगळं त्याच्या मुठीत. दारुड्या मास्तरला तो आपल्याकडे ठेवून घेतो, त्याचा पाहुणचार करतो. तो मास्तर मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारायला लागतो, तेव्हा मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंसमोर निळूभाऊ आवाज न चढवता नुसत्या नजरेने काय काय करतात! हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आणि असे चेअरमन, असे पुढारी त्यांनी गावोगाव फिरताना जवळून पाहिले असणारच.

त्याच काळात रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' आलं. सेन्सॉरने अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले. त्यातला सखाराम निळूभाऊंचा. चित्रपटात नुकतं बस्तान बसत असताना असली भूमिका घ्यायला छाती लागते.

आज मीम्समुळे अनेकांना ते फक्त 'बाई, वाड्यावर या' एवढेच माहीत आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. हा माणूस आयुष्यभर समाजवादी चळवळीत राहिला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. दाभोलकरांसोबत उभा राहिला. पडद्यावरच्या ज्या सत्तेचा आपल्याला संताप येतो, तिचा त्यांनाही मनापासून राग होता. म्हणून तर ती इतकी नेमकी उतरली.

तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर 'सामना' बघा आणि लगेच १९७९ चा 'सिंहासन' लावा. तिथे ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. सत्तेचा सगळा खेळ जवळून बघणारा आणि शेवटी तोल सुटणारा. हिंदुराव आणि दिगू एकाच नटाने केलेत, यावर विश्वास बसत नाही.