किचनला भिंत घालू की नको?

प्रश्न : ताई, आमच्या नव्या घराच्या आतल्या भिंतींचं काम सुरू व्हायचंय. मिस्टरांना हॉल, डायनिंग, किचन सगळं एकत्र मोकळं हवंय, सासूबाई म्हणतात किचनला दार हवंच. मी घरूनच काम करते आणि मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे. काय करू?

उत्तर : दाराच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. आम्हीही आधी सगळं ओपन ठेवलं होतं आणि सुरुवातीला खूप आवडलं, उजेड पार मागच्या भिंतीपर्यंत यायचा, घर मोठं वाटायचं. मग मुलाची परीक्षा आली, तो डायनिंग टेबलवर कानात बोटं घालून पाठांतर करायचा आणि मी मिक्सरच्या बटणावर हात ठेवून त्याचं पान संपायची वाट बघत उभी असायचे, अजून आठवलं की जीव कळवळतो.

म्हणून हॉल आणि डायनिंग बिनधास्त एकत्र ठेवा, किचनला मात्र काचेचं सरकतं दार लावा, म्हणजे उजेड येत राहतो आणि धूर, वास बराचसा आतच राहतो. आवाजासाठी मात्र त्याच्यावर विसंबून राहू नका, सरकत्या दाराला कडेने फटी राहतातच. तुमच्या कामासाठी आणि मुलीच्या अभ्यासासाठी एक खोली वेगळी हवीच, छोटी चालेल, पण तिला बिजागरीचं भरीव दार लावा, पोकळ नको, आणि खालची फटही बंद करून घ्या कारण निम्मा आवाज तिथूनच घुसतो असं वाटतं इतका त्रास होतो.

चिमणीचा पाइप बाहेर काढायची सोय आत्ताच करा. बिनपाइपची चिमणी तेलकटपणा पकडते, पण वाफ आणि उष्णता घरातच सोडते, मग मोकळ्या घरात ती सोफ्यापर्यंत पोचते.

मिस्टर अगदीच ऐकत नसतील तर आधी इंजिनिअरला विचारा, घर आरसीसी फ्रेमचं आहे की लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच वजन पेलणारं. फ्रेमचं असेल तर वजन कॉलम-बीमवर असतं, मग आत्ता भिंत न घालता जिप्समचं पार्टिशन नंतरही घालता येतं. फक्त ते जिथे येईल ती लाइन आत्ताच खडूने जमिनीवर आखा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा, म्हणजे पंख्याचा हूक नेमका तिच्यावर येणार नाही आणि दोन्ही बाजूंना वेगळे स्विचबोर्ड मिळतील. आमचे सगळे पॉइंट नंतर फोडून हलवावे लागले होते.